वाट बघणारीचा निळा पदर

१

बीचे गार्देल्लाचं प्रेत सापडलं ते जहाजावरच्या पाहुण्यांना. त्यांनी आधी फोटो काढले आणि मग आरडाओरडा केला.

पोर्ताल्बाचं बंदर देखणं आहे, पण उथळ आहे. मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकतात आणि छोट्या होड्या माणसं आणून सोडतात. त्या सकाळची पहिली होडी बंदराच्या तोंडाशी आली, तेव्हा गार्देल्लांच्या घराखालच्या खडकांवर म्हातारी पालथी पडलेली होती. अंगात रात्रीचा झगा, एक पाय अनवाणी.

ठाणेदार एर्सिलिया मोर्तोला पोहोचली तोवर निम्मं गाव जमलं होतं. उरलेलं निम्मं दुकानं उघडत होतं, कारण आज जहाजाचा दिवस होता. हे गाव विकायला काढलेलं आहे आणि गिऱ्हाईक रोज सकाळी समुद्रातून येतं. त्याच्यासमोर मेलेलं माणूससुद्धा लवकर उचलावं लागतं.

"आत्या," ओत्ताविओ गार्देल्ला रडत होता. हा बीचेचा भाचा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हातारीचं घर याच्याच ताब्यात, आणि घरात पाहुण्यांना द्यायच्या खोल्या याच्याच. रडता रडता तो एका जोडप्याला सांगत होता, की खोली दुपारपर्यंत तयार होईल.

एर्सिलियाने मान वर केली. समुद्राकडची ती उंच, गुलाबी भिंत तिने जन्मल्यापासून पाहिली होती. हिरव्या झडपांच्या खिडक्यांच्या रांगा, कुंड्या, एका कठड्यावर झोपलेलं मांजर. आणि सगळं रंगवलेलं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला कंटाळून जुन्या लोकांनी या बाजूच्या खिडक्या बुजवल्या आणि भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून तिथेच खिडक्या चितारल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक अर्धी उघडी खिडकी चितारलेली होती आणि तिच्यात निळी शाल पांघरलेली बाई. गावात तिला 'वाट बघणारी' म्हणत. बंदरात शिरणारी आणि बंदरातून निघणारी प्रत्येक होडी तिला हात करायची. बापांनी केला म्हणून मुलं करत.

खिडक्या खोट्या, म्हणजे पडायला जागा एकच उरली. गच्ची.

"गच्चीचं दार उघडं आहे," ओत्ताविओ म्हणाला. "आत्याची चप्पल वर पडलीय. किल्ली त्या नार्सिसाकडे असते. म्हातारीला सांभाळायला ठेवलेली बाई. मी काय बोलू अजून?"

त्याला अजून काही बोलावं लागलंच नाही. गर्दीने नार्सिसाकडे पाहिलं, आणि गावाच्या लेखी निकाल लागला.

एर्सिलिया गुडघ्यावर बसली आणि म्हातारीचा हात तिने हळूच उलटा केला. नखं तुटली होती. नखांच्या आत निळा रंग रुतलेला होता.

२

गच्चीवर निळं काहीच नव्हतं. लोखंडी कठडा करड्या रंगाचा होता आणि एर्सिलियाच्या छातीपर्यंत येत होता. आदल्या दिवशी दक्षिणेच्या वाऱ्याने वाळवंटाची लाल धूळ आणून टाकली होती. सगळी गच्ची माखली होती. म्हातारीची चप्पल कठड्याशी होती. एर्सिलियाने ती उलटी केली. तळवा स्वच्छ होता.

"तिचे गुडघे कसे होते रे?" तिने विचारलं.

"गेलेले. पण हट्टी होती ती."

"हा कठडा चढण्याइतकी?"

"चढली असं मी कुठे म्हणतोय, ठाणेदारबाई?" ओत्ताविओने हात पुसले. "उचलणारी होती ना घरात."

बीचेची खोली वरच्या मजल्यावर, टोकाला होती. बाकी घराला ताज्या रंगाचा वास आणि या खोलीला औषधाचा. एक पलंग. एक डोक्यावरचा दिवा. समुद्राकडच्या भिंतीला अक्रोडाच्या लाकडाचं अवजड कपाट. कपाटासमोर खुर्ची, कपाटाकडेच तोंड केलेली.

"ती कपाटाकडे बघत बसायची?"

"डोकं फिरलं होतं तिचं. कशाकडेही बघायची."

"आणि तू तिला या कोंदट खोलीत ठेवलंस. घर तिचं ना?"

"पाहुण्यांना उजेडाच्या खोल्या लागतात. त्यांच्याच पैशावर आत्याची औषधं यायची. माझ्याकडे असं बघू नका. तुमच्या भावानेही वरचा मजला भाड्याने दिलाय."

ते खरं होतं. एर्सिलिया दाराकडे वळली. दाराबाहेर कडी होती आणि कडीला घासल्याच्या खुणा होत्या. दार सतत बाहेरून लावल्याच्या.

निघताना तिला खुर्चीच्या पायाशी ठेवलेलं बेसिलचं रोप दिसलं. प्रत्येक घरात असतं तसंच, मातीच्या कुंडीत. दिव्याच्या उजेडात रोप इतकं हिरवंगार कसं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग दुसरं काही दिसलं आणि पाऊल थबकलं. रोपाच्या झाडून सगळ्या फांद्या एकीकडे कलल्या होत्या.

कपाटाकडे.

३

नार्सिसा किमी मूळची ग्वायाकीलची, अथांग समुद्रापलीकडची. गावात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून तिला नावाने हाक मारणारे थोडेच. ठाण्यात ती पाठ ताठ ठेवून बसली होती.

"गच्चीची किल्ली कुठे होती?"

"मालकाकडे. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. जहाज आलं की म्हातारीची खोली बाहेरून बंद आणि मला खाली पाहुण्यांच्या चादरी."

"बंद कशाला?"

"ती पाहुण्यांच्या खोलीत शिरायची. पलंगावर बसून म्हणायची, हे माझं घर आहे." नार्सिसा थांबली. "होतंच की तिचं."

"मग ती पडली कुठून?"

"खिडकीतून."

"कुठल्या?"

"तिच्या खोलीतल्या. समुद्राकडच्या."

दाराशी उभा असलेला शिपाई पास्तोरीनो फसकन हसला. एर्सिलियाने पेन खाली ठेवलं. "नार्सिसा, त्या भिंतीला खिडकी नाही. मी याच गावात जन्मले."

"असाल. मी तिथे रोज फडकं मारते."

"मी आत्ता त्याच खोलीतून आले. कपाट आहे तिथे."

"काल संध्याकाळी नव्हतं. आणि आज मला वर जाऊच दिलं नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ती खिडकीत बसून बोटींकडे बघायची. जेवणाचा पांढरा रुमाल हलवायची. खालून सगळे हात करायचे. ती मला म्हणायची, बघ, पाहिलं त्यांनी मला, आता येतील वर, दार उघडतील. मी म्हणायचे, येतील हो. कुत्रं आलं नाही वर."

एर्सिलियाला ती खोटं बोलतेय असंच वाटलं. खोटं, आणि तेही धड न जमलेलं.

तेवढ्यात जेनोवाहून न्यायाधीशांचा फोन आला. त्यांना जेवायला जायची घाई होती. "कामाचे कागद नाहीत, किल्ली तिची आणि जबाब असा. अजून काय पाहिजे? संध्याकाळच्या गाडीने पाठवून द्या तिला. जहाजावरच्या लोकांसमोर तमाशा नको."

नार्सिसाला फोनवरचे शब्द ऐकू आले नसतील, सूर कळला. "पुढच्या महिन्यात माझी पोर यायची आहे," ती म्हणाली. "ओत्ताविओ कागद करून देणार होता. मी आत गेले तर ती कधीच येणार नाही. हे लिहून घ्या, बाई. निदान हे तरी लिहा."

बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. पास्तोरीनो डोळे पुसत आत आला. "ठाणेदारबाई, जहाजावरची एक परदेशी बाई आलीय. बिस्किटांचा डबा घेऊन. आपल्या वाट बघणारीचा पत्ता विचारतेय."

४

तिचं नाव हिल्के. हॉलंडकडची, विधवा, पायात दणकट बूट. या किनाऱ्याची भाषा ती तोडकीमोडकी बोलत होती.

"मला सगळे हसतात," ती म्हणाली. "मी चूक काय विचारलं? त्या कोपऱ्यावरच्या घरात वर एक आजी राहते. मागच्या शरदात आम्ही याच जहाजाने आलो होतो. तिने मला हात केला, मी तिला केला. माझा नवरा तेव्हा होता. तो म्हणाला, पुढच्या वेळी आपण तिला भेटू." तिने डबा मांडीवर घट्ट धरला. "तो आता नाही. म्हणून मी एकटी आले. दार कुठलं तेवढं सांगा."

"बाई, ते चित्र आहे," पास्तोरीनो समजुतीने म्हणाला. "आमच्या आजोबांच्या आधीपासूनचं."

"चित्र मला कळतं. आज सकाळी जहाजावरून पाहिलं तेव्हा आजी होती. खूप बाहेर वाकली होती. मला भीती वाटली. मी चष्मा आणायला खोलीत गेले. मग आमची होडी खालून आली, तेव्हा खिडकीत कोणीतरी चित्र लावलं होतं."

पास्तोरीनो पुन्हा हसायच्या बेतात होता. एर्सिलियाने हात वर करून त्याला गप्प केलं.

"तिच्या हातात काही होतं का?"

"पांढरा रुमाल. जेवणाच्या टेबलावरचा असतो ना, तसा."

"आज गावात तुम्ही कोणाशी बोललात? सावळी बाई, केसांची वेणी?"

"माझ्याशी कोण बोलतंय? सगळे डबा बघतात आणि हसतात."

एर्सिलिया उठून खिडकीशी गेली. एक बाई आतल्या कोठडीत, दुसरी जहाजावरून आत्ता उतरलेली. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही, दोघींची भाषा एक नाही. तरी दोघी तीच खिडकी सांगतात आणि तोच रुमाल. ठरवून खोटं बोलायला आधी भेटावं तरी लागतं. मग नखांतला निळा रंग आठवला. स्वच्छ तळव्याची चप्पल, कपाटाकडे तोंड केलेली खुर्ची, कपाटाकडे कललेलं रोप. रोपटं कशाकडे वळतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

या दोघी खऱ्या असतील, तर आपलं सगळं गाव आंधळं आहे. आपल्यासकट.

"ती घरी आहे ना?" हिल्केने मागून विचारलं. "तिला बरं नाही का?"

५

बाचीचा हा गावातला सगळ्यात जुना कोळी. त्याने होडी बंदराच्या तोंडाकडे वळवली. गार्देल्लांची भिंत जवळ आली तसा त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि खाली आला. नजर जाळ्यावरच होती.

"कोणाला हात केलास?" एर्सिलियाने विचारलं.

"कोणाला म्हणजे? तिला. तू पण करायचीस लहानपणी. आता साहेब झालीस."

"तिच्याकडे बघितलंस का पण?"

"काय बघायचंय? तिथेच तर असते."

"शेवटचं कधी बघितलंस?"

बाचीचाने जाळं खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच त्याने मान वर केली. एर्सिलियानेही. दुर्बिणीतून वाट बघणारी जवळ आली. भिंतीवरची बाकीची चित्रं खाऱ्या हवेने फिकटली होती. हिची शाल मात्र झगझगीत निळी. शालीचा पदर जिथे संपतो तिथे कडेला ओरखडे होते आणि आतलं लाकूड दिसत होतं. बाईच्या भोवती एक बारीक काळी रेघ होती. ती रंगवलेली नव्हती. ती फट होती.

"आईशप्पथ," बाचीचा पुटपुटला.

गावातल्या भिंती रंगवणारा आमेदेओ धक्क्याजवळ शिडीवर उभा होता. तो आणि एर्सिलिया शाळेत एका बाकावर बसत.

"आमेदेओ, खाली ये. वाट बघणारीला निळा कधी दिलास?"

तो उतरला नाही. ब्रश मात्र थांबला. "दर काही वर्षांनी देतोच."

"भिंतीवर, की लाकडावर?"

त्याने ब्रश डब्यात टाकला. मग तो उतरला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "दोन हिवाळ्यांपूर्वी. ओत्ताविओला त्या खोलीत हवा हवी होती, नाहीतर खोलीचा परवाना मिळेना. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, जुनी भिंत आहे. तो म्हणाला, जिथे उघडी खिडकी रंगवलीय तिथेच खरी पाडू, कोणाच्या बापाला कळणार नाही. मी फळीवर बाई रंगवली. आतल्या बाजूला उघडणारी फळी. परवाना मिळाला, पण खोली त्याने आत्यालाच दिली. फार वर आहे म्हणे, पाहुण्यांना जिना चढवत नाही."

"आणि उघडी असली की? कोणाला कळलं नाही?"

"फळी लावलेली असो की आत बीचे बसलेली असो. खालून एकच. बाई खिडकीत." त्याने तोंड झाकलं. "मला माहीत होतं, एर्सिलिया. फक्त मलाच माहीत होतं. ती रुमाल हलवायची ते मी पाहिलंय. मला वाटायचं, म्हातारी मजेत आहे."

"सकाळपासून एक बाई कोठडीत आहे आणि तू भिंत रंगवतोयस."

"पण पडणं शक्यच नाही. मी स्वतः आडवा गज बसवला होता, छातीएवढा. ती त्यावर रेलून बसायची."

एर्सिलियाने त्याला दंडाला धरून उठवलं. "चल वर. तो गज आहे का बघू."

६

कपाट खांदा लावून ढकललं की सरकत होतं. फरशीवर ताजे ओरखडे होते. मागे फळी होती, तिच्या आतल्या बाजूला मूठ नव्हती. मूठ काढल्याची चार भोकं तेवढी होती. म्हातारीने फटीत नखं घालून ती ओढली होती. आमेदेओने सुरी घालून फळी उघडली आणि खोलीत दिवसाचा उजेड आला.

चौकटीत आडवा गज नव्हता. दोन्हीकडे भोकं होती, त्यांत गिलाव्याचा पांढरा भुगा.

ओत्ताविओ दारात उभा होता. पळाला नाही. पळणारे लोक वेगळे असतात. असले लोक हिशोब मांडतात.

"मी ढकललं नाही तिला."

"नाही," एर्सिलिया म्हणाली. "त्याचीही तसदी घेतली नाहीस. गज का काढलास ते सांग."

"फळी घट्ट बसत नव्हती त्याच्यामुळे. फट दिसायची. आणि कुठल्यातरी परदेशी बाईने आमच्या बंदराबद्दल इंटरनेटवर कौतुक लिहिलं, कोपऱ्यावरच्या घराच्या वरच्या खिडकीतल्या प्रेमळ आजी हात करतात म्हणून. नगरपालिकेतल्या कोणी वाचलं असतं तर परवाना गेला असता. म्हणून आठवड्यापूर्वी गज काढला, मूठ काढली, फळी ठोकून बसवली. मला वाटलं, आता उघडायची नाही."

"तिने उघडली. जहाजाचा भोंगा ऐकला आणि उघडली. मग नेहमीसारखी गजावर रेलली."

तिने गजाच्या रिकाम्या भोकात बोट घातलं.

"तू आलास तेव्हा खोली रिकामी आणि खिडकी उघडी. खाली वाकून बघितलंस. ती जिवंत होती का नव्हती, हे बघायला खडकावर उतरला नाहीस. फळी लावलीस, कपाट ओढलंस, खोलीत गळून पडलेली तिची एक चप्पल गच्चीवर नेऊन ठेवलीस. पण चपलेच्या तळव्याला गच्चीची धूळ लावायचं राहिलं. किल्ली नार्सिसाच्या माथी मारलीस, कारण तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? बरोबर हिशोब केलास. मी पण नाही ठेवला."

"जहाजाचा दिवस होता," ओत्ताविओ म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. आणि त्या गावात खरंच त्यात सगळं येत होतं.

पास्तोरीनोने त्याला खाली नेलं. एर्सिलिया उघड्या खिडकीत उभी राहिली. फटीच्या कोपऱ्यात रुमाल अडकला होता. खालून बाचीचा जाळी घेऊन परतत होता. तिने रुमाल हलवला आणि पोटातून हाक मारली, "बाचीचा. ए बाचीचा, वर ये."

इंजिनाच्या आवाजात हाक विरली. बाचीचाचा उजवा हात वर गेला आणि खाली आला. त्याने पाहिलं नाही. तासाभरापूर्वी सगळं कळूनही पाहिलं नाही. त्याच्यामागून पाहुण्यांची होडी आली, तिच्या चालकाने हात केला. मग ठाण्याची गस्तीची होडी. तिच्यावरच्या तिच्याच माणसाने हात केला.

एर्सिलिया खुर्चीत बसली. रोपाचा वास येत होता.

ठाण्यात तिने कोठडीचं दार स्वतः उघडलं. "गाडी परत पाठवली. तुझ्या कागदांचं मी बघते."

"मी सकाळीच सांगितलं होतं," नार्सिसा म्हणाली.

"हो."

"दोनदा सांगितलं."

"हो."

यावर तिला अजून काही हवं होतं असं वाटलं नाही. ती बाहेर आली. बाकावर हिल्के बसली होती, डबा अजून मांडीवर. तिला बीचे गेल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. कौतुकाच्या त्या ओळी तिच्याच असणार हे एर्सिलियाला खिडकीतच कळलं होतं. तिने ते सांगितलं नाही, आणि अहवालातही लिहिणार नव्हती.

"मी हात केला तो तिला दिसायचा का?" हिल्केने विचारलं.

उत्तर नार्सिसाने दिलं. "दिसायचा. तुमच्यासारखे बघून हात करणारे थोडे असायचे. ते तिला कळायचं." मग तिने डबा स्वतःहून घेतला, उघडला आणि दोघी बिस्किटं खात बसल्या. बिस्किटं प्रवासात मोडली होती.

दिवस कलला आणि जहाजाचा भोंगा झाला. शेवटच्या होड्या पाहुण्यांना घेऊन निघाल्या. धक्क्यावर गाव उभं होतं. एर्सिलियाने फळी उघडीच ठेवायला सांगितली होती, पुरावा म्हणून. गुलाबी भिंतीत वरच्या मजल्यावर काळं भोक होतं.

होड्या तिच्याखाली आल्या. चालकांचे हात सवयीने उचलले गेले आणि खांद्याशी येऊन थांबले. कोणालाच ते पुढे न्यायचे की खाली घ्यायचे कळेना. सगळे वर बघत होते.

आता तिथे कोणी नव्हतं.